आवाज तोंडाने काढून दाखवू नये

विश्रांतवाडीत संभाजीच्या गॅरेजवर पाटी आहे : 'आवाज तोंडाने काढून दाखवू नये.' अभयने तरी तो तीनदा काढून दाखवला होता. एसी लावला की बॉनेटखालून टक... टक-टक. गॅरेजच्या दारात आलं की गाडी गप्प, आणि संभाजीचा ठरलेला सल्ला, कान तपासून घ्या.

अभय पार वैतागला होता. बाबांना दिवसाआड डायलिसिसला न्यायचं, आणि मे महिन्याच्या दुपारी एसीवाचून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. महिन्यापूर्वी एसीचा कॉम्प्रेसर गेला, संभाजीनेच दुसरा बसवला, तेव्हापासून ही कटकट. आधीच्या तिन्ही वेळा बाबा घरी होते. चौथ्यांदा मात्र दवाखान्यात जाता जाता, बाबांना मागच्या सीटवर घेऊनच तो गॅरेजला थडकला.

या वेळी आवाज आला. संभाजीने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग इंजिन बंद करून त्याने एसीचा पट्टाच काढला. आता कॉम्प्रेसर फिरणं शक्यच नव्हतं.

टक... टक-टक.

"संभाजीराव, हा आणलात कुठून?"

संभाजीने बाबांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भंगारातनं. कात्रज घाटात ठोकलेली गाडी होती... मागं एक आजोबा होते. लागलं नव्हतं म्हणे फारसं. पण दार उघडेना... काच वाजवत राहिले..."

"आणि हे आपण मला आत्ता सांगताय?"

अभयच्या अंगावर काटा आला होता, पण त्याहून जास्त त्याला संताप आला होता. संभाजीने निमूटपणे कॉम्प्रेसर उतरवून दूर वाळूच्या ढिगावर नेऊन ठेवला. अभय जवळ जाऊन ऐकून आला. काही नाही. गाडीतही काही नाही. एकदाची ब्याद टळली.

काचा खाली करून ते निघाले. धुळीला कंटाळून बाबांनी आपली काच वर घेतली. अभय घामाने निथळत होता, पण महिन्याभरात पहिल्यांदाच त्याचं डोकं शांत होतं.

दवाखान्यापाशी उतरून त्याने बाबांच्या बाजूचं दार ओढलं. उघडेना. लॉक तर निघालेलं होतं. त्याने पुन्हा, जोर लावून ओढलं.

"बाबा... आतून ढकला जरा..."

बाबा मान टाकून गाढ झोपले होते. त्यांचं एक बोट तेवढं काचेवर वाजत होतं.

टक... टक-टक.