रिकाम्या टिपरचं ओझं

तिला सगळे पाटेवाली म्हणत. वडिलांमागे वर्कशॉप तिनंच सांभाळलं होतं, आणि ट्रकचं ओझं पेलणारे मागच्या कमानीचे पोलादी पाटे बसवावेत तर तिनंच, असं ड्रायव्हर लोकांचं मत होतं. गाडीवर झेपेल त्याच्या दुप्पट ओझं लादून आणणारा मात्र तिच्या शिव्या खाल्ल्याशिवाय परत जात नसे.

त्या दिवशी ऊन नुकतं कलायला लागलं होतं. शेडमध्ये ग्रीसचा नेहमीचा वास, कुठं काही घाई नाही. अशात तिचा धाकटा भाऊ आपला टिपर घेऊन आला. तो खाणीतला दगड वाहायचा.

"ताई, मागचे पाटे बदल. जाड घाल, एखादा वरचाच घाल. आता मागं ट्रॉलीही जोडणार आहे."

"पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत, शहाण्या."

"तू घाल गं. रिकामी गाडीसुद्धा मागून बसतेय."

बसली होती खरी. हौदा रिकामा, धुऊन लख्ख केलेला. आणि मागचं अंग असं खाली आलेलं, की वर डोंगर ठेवलाय जणू. लादून लादून पाटे मेले असणार, असं पुटपुटत तिनं जॅक लावला, बोल्ट सोडले आणि जुने पाटे काढून खाली ठेवले.

ठेवले आणि बघतच राहिली. पाट्यांची कमान शाबूत होती. कुठं तडा नाही, कुठं सपाटपणा नाही.

"हे तर ठणठणीत आहेत. मग गाडी बसत का होती?"

"मला काय विचारतेस? मिस्त्री तू की मी?" भाऊ तिच्याकडे न बघताच म्हणाला.

तिनं नवे पाटे चढवले. एक जादा, वर मदतीचा आखूड पाटा, बोल्टही नवे. घाम गाळून सगळं आवळलं आणि जॅक उतरवला. टिपर मागून चांगला ताठ उभा राहिला. भाऊ हसला. तीही हात पुसत मागं सरली.

आणि मग तो आवाज आला.

कर्र... कर्र...

कुणीतरी दमलेलं माणूस बाजेवर टेकावं, तसे नवेकोरे पाटे हळूहळू दबत गेले. मागची चाकं पुन्हा मडगार्डात शिरली. शेडमधला ग्रीसचा वास कुठच्या कुठं गेला आणि त्याच्या जागी ओल्या दगडाच्या भुकटीचा गार, घशाला चिकटणारा वास भरून राहिला.

पाटेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं काम आपल्याच डोळ्यांदेखत फसावं, हे तिला सहन होणारं नव्हतं. "काय दडवलंयस हौद्यात?" असं ओरडत ती वर चढली. काही नव्हतं. उन्हातून तापून आलेली गाडी, पण हौद्याचा पत्रा हाताला बर्फासारखा लागला.

ती खाली उतरली, तोच पत्र्यावर आतून थाप पडली.

एकच. धप्.

खाणीवरच्या गाड्यांची ती भाषा सगळ्यांना ठाऊक असते. मागच्या माणसानं दोन थापा मारल्या की चल, एक मारली की थांब. तिनं भावाकडे पाहिलं. तो जमिनीवर उभा होता, गाडीपासून दोन हात लांब. पण थाप पडताच त्याचा उजवा पाय पुढं झाला आणि त्यानं मातीतच करकचून ब्रेक दाबला.

"आबा कुठंय?" तिनं हळूच विचारलं.

आबा म्हणजे त्याच्या टिपरमागचा म्हातारा हमाल. वडिलांच्या वेळेपासूनचा, घरातल्यासारखा.

"सांगितलं ना, दुसऱ्या गावी कामाला लागला. किती वेळा विचारशील?"

"चष्मा घरी ठेवून?"

हे बोलणं फाटकातून आलं. तिथं आबाची बायको उभी होती. नवरा घरी परतला नाही तेव्हापासून ती भावाच्या मागं मागं फिरत होती. "धुळीत फुटतो म्हणून खाणीवर नेत नव्हता तो. पण दुसऱ्या गावी कामाला जाणारा माणूस चष्मा सोडून जाईल का रे पोरा?"

"म्हातारी रोज डोकं खाते," भाऊ म्हणाला.

पाटेवालीला आपलीच लाज वाटली. मावशी, येतील आबा, मन रमलं असेल तिकडे... असं तिनंच या बाईला समजावलं होतं. भावावर विश्वास टाकून. लाज वाटली आणि त्या लाजेचा पुन्हा संताप झाला.

"चावी दे."

"ताई..."

"दे म्हणते ना! शेवटचा खाणीवर होता ना तो? चल खाणीवर. मावशी, तुम्हीही बसा."

तिच्या हातात अजून मोठा पाना होता. भावानं चावी दिली.

ती स्वतः गाडी चालवत होती. मध्ये भाऊ, खिडकीशी म्हातारी. मागचं अंग इतकं दबलं होतं की पुढची चाकं रस्त्याला नीट टेकेनात; स्टिअरिंग हातात तरंगत होतं. मागून मधूनच खोकल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. पाट्यांचा आवाज असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. आणि असला आवाज पाटे करत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

खाण त्या दिवशी बंद होती. टाकाऊ दगडांचे ढीग दोन्ही बाजूंनी सुरू झाले, तसा भाऊ गयावया करायला लागला.

"पुढं घे, ताई... इथं नको... पुढं घे ना..."

धप्.

तिनं ब्रेक दाबला. मागची धूळ त्यांना ओलांडून पुढं गेली. आणि मग ठण्णकन सगळे पाटे एकदम मोकळे झाले. गाडीचं मागचं अंग असं उसळलं की तिघंही पुढच्या काचेवर आदळले. ओझं उतरलं होतं.

पाना हातात घेऊनच पाटेवाली उतरली आणि तिनं भावाला खाली ओढलं. म्हातारी खाली उतरून समोरच्या ढिगाजवळ जाऊन उभी राहिली. रडली नाही. मान न वळवता तिनं विचारलं, "त्यानं थाप मारली होती का रे?"

"मी मागं घेत होतो... ओझ्यानं गाडी कलली होती... तो मागं होता, मला दिसलाच..."

"थाप मारली होती का?"

भावानं ओठ चावले. "एकदा."

"मग?" हे पाटेवालीनं विचारलं.

"चाक त्याच्या पायांवर होतं, ताई. वाचला नसता तो. माझं सगळं गेलं असतं... म्हणून मी... हौदा उचलला. सगळा दगड त्याच्यावर..."

"जिवंत होता?"

त्यानं नजर खाली घातली. पाटेवालीनं पाना दूर फेकला, कारण तो हातात राहिला असता तर भाऊ राहिला नसता. मग तिनं उघड्या हातानं त्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. आपण लहानपणी याला कडेवर घेऊन फिरलो, हे आठवून तर आणखी जोरानं मारली. म्हातारीनं येऊन तिचा हात धरला. "पुरे पोरी. आधी म्हाताऱ्याला बाहेर काढू."

पोलीस आले, दगड हलवले. आबा तिथंच होता. त्याचा उजवा हात वर उचललेला होता, पंजा उघडा. भावाला घेऊन जीप गेली. एक हवालदार मागं थांबला, आणि म्हातारी चादरीनं झाकलेल्या आबाशेजारी दगडावर बसून राहिली.

टिपर ठाण्यात न्यायला ओढगाडी आली तेव्हा उजेड पार मावळत आला होता. ओढगाडीच्या ड्रायव्हरला या प्रकरणातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं हूक अडकवला, साखळी ताणून पाहिली आणि वैतागून पाटेवालीकडे आला.

"ताई, केबिनमधल्यांना उतरायला सांगा. माणसं बसलेली गाडी मी ओढत नाही."

तिनं टिपरकडे पाहिलं. काचेत नुसतं आभाळ दिसत होतं.

"कोण आहे?"

"एक म्हातारबुवा आहेत. खिडकीशी बसलेत."

"बसू द्या त्यांना," ती म्हणाली. "दमलेत ते."

"बरं, ते बसू देत. पण मग ती बाई?"

"कुठली बाई?"

"त्यांच्या शेजारची. तरणी आहे, केसांत सगळी दगडाची भुकटी. मी म्हटलं, बाई, तुम्ही तरी उतरा... तर बोलत नाही. नुसती त्या पलीकडच्या ढिगाकडे बोट दाखवते."