डब्यातलं गाऱ्हाणं

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट खरी. म्हणजे… नव्वद टक्के. बाकीचे दहा टक्के सुदेशचे, आणि सुदेशला आता विचारून उपयोग नाही. तू तो उंडो पाव खा आणि ऐक. फक्त मी सांगत असताना मधे ‘व्हय’ म्हणू नकोस. मान हलव, पुरे.

पेडण्याच्या बाजारात आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. अर्धं माझं, अर्धं सुदेशचं. गेल्या चवथीला तीन दिवस होते, तेव्हा धारगळहून आनंदीवहिनीचा फोन आला.

“अरे, ह्यांचो डबो टक टक करता. बेगीन ये.”

डबो म्हणजे घरातला सर्व्हर. तिचा घोव शिवदासभाऊ, पणजीला सरकारी ऑफिसात होते, त्यांनी स्वतः जोडलेला. घरातले सगळे फोटो त्यात, आणि ‘गाऱ्हाणी’ नावाचा एक फोल्डर. दर चवथीला गणपतीपुढे उभे राहून ते गाऱ्हाणं घालायचे, घरातले सगळे मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, आणि ते फोनवर रेकॉर्ड होऊन डब्यात जायचं. आठ वर्षांची आठ गाऱ्हाणी. नववं नाही, कारण शेवटचं वर्षभर शिवदासभाऊ बोललेच नाहीत. एक दिवस सकाळी उठले ते मुके. डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे. तसेच गेले…

आत्ता हे ‘व्हय?’ तुझ्या तोंडून निघालं ना? बरं. असू दे. चहा पी.

तर वहिनीकडे त्यांचा आवाज उरला तो एवढाच. आणि तो एका मरायला टेकलेल्या डिस्कवर.

आम्ही दुपारी तीनला पोचलो. पाऊस असा की घरात दिवा लावायला लागला, आणि दिवा असा की लावून न लावल्यासारखा. हॉलमध्ये गणपतीवरच्या माटोळीची रिकामी चौकट छताला टांगलेली. फळं अजून बांधायची होती. तिच्याखाली कोपऱ्यात डबो. ओल्या लाकडाचा वास. लांब हायवेवरून ट्रक जायचा, की खिडकीच्या काचा थरथरायच्या.

मी नवा सर्व्हर बाजूला ठेवला, केबल जोडली. वहिनी म्हणाली, “आदी गाऱ्हाणा घाल. डबो बसयताना ह्यांनी घराच्या राखणदाराक सांगलेला.”

“वहिनी, ही डिस्क. हिका गाऱ्हाणा नाय, वारो लागता,” म्हणून मी टेबलफॅन लावला. सुदेश खिदळला.

फोटो गेले. एकतीस हजार, एकही अडला नाही. मग ‘गाऱ्हाणी’ फोल्डर आला आणि पहिल्याच फाईलवर कॉपी थांबली. टक… टक… टक. केबल बदलली. बंद करून चालू केलं. तिसऱ्या वेळी डिस्क दिसायचीच बंद झाली. वहिनी जुन्या डब्यावर तळहात ठेवून उभी होती, पोराचा ताप बघतात तशी.

तेवढ्यात वास आला. विडीचा.

“सुदेश, ओढतस काय रे?”

“मी? ना मरे…”

घरात आम्ही तिघंच. आणि राखणदाराला आमच्याकडे विडी ठेवतात.

वहिनीने मान वर केली नाही. “घाल रे… तुज्या पायां पडतंय.”

मग घातलं. खरं सांगायचं तर मस्करीतच घातलं. हात जोडले, आवाज जड केला.

“बा राखणदारा म्हाराजा… हो जुनो डबो थकलो…”

“व्हय म्हाराजा.” वहिनी आणि सुदेश.

“शिवदासभाऊंचो आवाज ह्या घरात रवांदे…”

“व्हय म्हाराजा.”

“आणि नारळ म्हणशीत तर… जो कोण व्हय म्हणतलो, तो एकेक देतलो. माज्याकडे मागू नको.”

“व्हय म्हाराजा.” सुदेश हसू दाबत. वहिनी डोळे मिटून. आणि माटोळीखालून तिसरा एक. खरखरीत, जरासा उशिरा.

पंखा फिरत होता. टकटक बंद झाली होती, डिस्क परत दिसत होती… आठही फाईली चार मिनिटांत गेल्या.

वहिनी आत जाऊन नारळ घेऊन आली, डब्यापुढे ठेवला. मग हळूच म्हणाली, “हेंचोय एक नारळ रवलेलो. बोल्ले, आणि दिवक विसरले… वाचा गेली त्याच वर्सा.”

मी सुदेशला म्हटलं, “तुजो दी.”

“मस्करी ती! चवथीक नारळ खंय मेळतत?”

मी नव्या डब्यातला फोल्डर उघडला. फाईली नऊ. नवव्यावर त्याच दिवसाची तारीख. दोन्ही डब्यांना माईक नाही, हे मी तुला शंभर टक्क्यांत सांगतो. फाईल लावली. माझं गाऱ्हाणं. त्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे दोन आवाज. एक सुदेशचा, एक तो उशिराचा. वहिनीचा आवाज त्यात नव्हताच; तिचा नारळ पोचला होता.

“हेंचोच…” वहिनी म्हणाली. “हेंचोच आवाज. परत लाव.”

सहा वेळा लावली. ती हसत होती रे. मला तेच बघवेना.

चवथीच्या सकाळी सुदेश उठला तो मुका. डॉक्टर म्हणतात, गळा ठणठणीत. त्याने मग पाच नारळ दिले, मग अकरा. उशीर झाला होता. अजून दुकानात बसतो, गिऱ्हाइकाला कागदावर लिहून दाखवतो. दुपारी गर्दी नसली की हेडफोन लावून नववी फाईल ऐकतो. स्वतःचा आवाज.

संपली गोष्ट. आता नारळ काढ.

का म्हणजे? मघाशी ‘व्हय’ म्हणालास तू. प्रश्न होता, मान्य. पण हा बघ फोन, वहिनीचा सर्व्हर याच्यावर दिसतो. मोज. दहा फाईली. दहावी आजची, पंधरा मिनिटांपूर्वीची. मी उघडलेली नाही.

त्या कोपऱ्यावर अनंत नारळ विकतो, बंद करायच्या आत पळ. पैसे मी देऊन चालत नाही, तूच दे.

अरे, असा काय बघतोस? उंडो अडकला? पाणी घे…

बोल की.