ढिगाऱ्यावरची घरघर

ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकांची. मला रचून सांगायची असती, तर मी रात्र घेतली असती, वादळ घेतलं असतं. पण हे घडलं भर उन्हात, शनिवारी सकाळी साडेअकराला, गावाबाहेरच्या बंद खाणीच्या ढिगाऱ्यावर.

काका खोटं बोलत नाहीत. आयुष्यात एकदाच बोलले. तेच या सगळ्याच्या मुळाशी आहे.

काका आणि काकू, दोघांना एकच नाद. मेटल डिटेक्टर घेऊन सोन्याचांदीचे दगड शोधायचे. खाण बंद होऊन पन्नास वर्षं झाली, पण जुन्या कामगारांनी फेकलेल्या दगडांत अजून एखाद्यात चांदीची शीर सापडते, एखाद्या गारगोटीत सोन्याचा कण. बहुतेक वेळा सापडतो गंजका खिळा. नाहीतर लोखंड भरलेला काळा दगड, ज्यावर मशीन हुबेहूब सोन्यासारखं वाजतं. काकू त्या दगडाला 'जावई' म्हणायची. दिसायला भारदस्त, आत काही नाही. खऱ्या जावयासमोरही म्हणायची.

शेजारी चिडवायचे, "काय वहिनी, डोंगर पोखरून आज किती उंदीर?"

"दोन. एक तुमच्यासाठी ठेवलाय," काकू म्हणायची.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

अशी दोन मशीन जवळ आली, की एकमेकांत लुडबुड करतात. हेडफोनमध्ये घरघर ऐकू येते. दुसरं मशीन चालत्या माणसाच्या हातात असेल, तर ती घरघर खाली-वर होते. जमिनीवर नुसतं पडलेलं असेल, तर एकसुरी येते. मग दोघांपैकी एकाने मशीनवरचं बटण फिरवून चॅनल बदलायचा, म्हणजे शांत. कानाला हेडफोन असल्यामुळे हाका ऐकू येत नाहीत, म्हणून त्यांची खूण ठरलेली होती.

काका हात वर करायचे. काकू चॅनल बदलायची.

बत्तीस वर्षांच्या संसारात सरकली नेहमी काकूच. काकांनी कधी ते बटण फिरवलं नाही.

मग एक दिवस काकांनी हात वर केला, तरी घरघर थांबली नाही.

काकांनी मागे वळून न बघताच पुन्हा हात केला.

एकसुरी... घरघर... घरघर...

"आज बहिरी झाली की काय ही!" काका चिडले. आणि पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं बटण फिरवलं. चारवरून पाचवर.

शांत झालं.

तासभर काम केलं त्यांनी. चांदीची शीर असलेला एक झकास दगडही सापडला. तो काकूला दाखवायला ते खाली ओघळीपाशी गेले, ती तिकडे शोधत होती.

काकू कुशीवर पडलेली होती. मशीन शेजारी. चालू.

डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं, तर कदाचित... मुलीने रडत विचारलं, "बाबा, तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"नाही गं. काहीच ऐकू आलं नाही," काका म्हणाले.

हेच ते खोटं.

त्यानंतर काका आठ महिने घराबाहेर फारसे पडले नाहीत. काकूच्या मशीनचे सेल काढून त्यांनी बशीत ठेवले. मशीन कपाटात गेलं, बटण चारवरच होतं. सकाळी चहाला ते दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे. मुलगी 'इकडे या' म्हणायची, ते 'बघू' म्हणायचे. घर त्यांना खायला उठायचं, पण सोडवतही नव्हतं.

मग त्या शनिवारी ते एकटेच ढिगाऱ्यावर गेले. मशीन चालू केलं. बटण आठ महिने पाचवर होतं, ते त्यांनी चारवर आणलं. कशाला, हे त्यांनाही सांगता येत नाही.

अर्धा तास काही नाही. एक खिळा. एक जावई.

आणि मग...

घरघर.

एकसुरी.

काकांनी हेडफोन काढले. ढिगाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं. विजेची तारसुद्धा जवळपास नव्हती.

हेडफोन लावले. घरघर होतीच.

अंगावर सर्रकन काटा आला. पण या वेळी त्यांनी बटणाला हात लावला नाही. ते आवाजाच्या मागे निघाले. ओघळीकडे जावं, तसा आवाज वाढत गेला. ती जिथे पडली होती, तिथे तर कान फाटायची वेळ आली.

तिथे काहीच नव्हतं. खडी आणि ऊन.

काका मटकन खाली बसले.

"आलो गं," ते म्हणाले. "त्या दिवशी ऐकलं होतं मी. ऐकलं, आणि चिडलो. चुकलं माझं."

घरघर क्षणभर थबकली...

मग खाली-वर व्हायला लागली.

कोणीतरी मशीन उचलून चालू लागावं, तशी. डावीकडे लांब, उजवीकडे आखूड. काकूचा उजवा खांदा दुखायचा. तिचं मशीन असंच फिरायचं. काकांनी ते लगेच ओळखलं, आणि भीती कुठल्या कुठे पळाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना एकटं वाटलं नाही.

पण आवाज बारीक होत होता. ती चढणीने लांब चालली होती.

काका धडपडत उठले. खडीवरून पाय घसरला. आवाज आणखी बारीक झाला.

"अगं, थांब!" ते ओरडले. आणि जाणाऱ्या माणसाला थांबवताना कोणीही करेल, तसा त्यांनी हात वर केला.

घरघर बंद.

हात हवेत असतानाच त्यांना कळलं, आपण काय केलं ते.

दिवस मावळेपर्यंत त्यांनी एकूण एक चॅनल फिरवून पाहिला. कुठेच काही नाही. घरी येऊन कपाट उघडलं. सेल बशीतच होते. काकूच्या मशीनचं बटण मात्र सातवर होतं.

तेव्हापासून ते दर शनिवारी आपलं बटण सातवर लावून ढिगाऱ्यावर जातात. अजून काही ऐकू आलेलं नाही. मला यातलं काही उमगत नाही, आणि मी खोदून विचारतही नाही.

गेल्या महिन्यात आम्ही त्यांना भेटून निघालो. ते फाटकापर्यंत आले. गाडी सुरू झाली, मी खिडकीतून हात हलवला. काका दोन्ही हात खिशात घट्ट कोंबून उभे होते.

"रागावले का हो काका?" बायकोने विचारलं.

बाहेर काढलेला हात मी हळूच आत घेतला.