चार बोटांपासून

पोरांनो, जरा डोळ्यांसमोर आणा... गंगापूर रोडवरून आत वळलेली मळ्याची वाट, झेंडूवर दव, आणि बांधावर बसून आलेखाच्या कागदाशी भांडणाऱ्या दोघी. एक नववीतली दीपमाला, दुसरी तिची आत्या ज्योत्स्ना.

ज्योत्स्ना सात वर्षांपूर्वी दहावीला गणितात नापास झालेली. यंदा पुन्हा परीक्षेला बसणार होती, पण मनात धाकधूक होती.

तेवढ्यात पंक्चर झालेली स्कूटर ढकलत एक तरुण आला. "पाणी मिळेल?"

हा रविराज, जवळच्याच शाळेत गणित शिकवायचा. पाणी पिता पिता त्याची नजर कागदावर गेली.

"हे काय चाललंय?"

"झेंडूची वाढ काढतोय. आठवड्याला दोन बोटं," ज्योत्स्ना म्हणाली. "रोप मातीतूनच वर येतं, म्हणून रेघ शून्यापासून."

"लावलं तेव्हा केवढं होतं?"

"चार बोटं. नर्सरीतून आणलेलं —" ती थबकली. "अगंबाई!"

"मग उभ्या अक्षावर चारला टिंब द्या. तो आंतरछेद. आता एक घर उजवीकडे, दोन घरं वर. हा चढ. पुन्हा तसंच... आता जोडा."

रेघ सुरेख सरळ आली. ज्योत्स्ना खुदकन हसली, आणि रविराज कागद सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

"सर, पंक्चर काढायचंय ना?" दीपमालाने विचारलं.

"घाई नाही."

मग तो दर रविवारी येऊ लागला.

"आज कुठलं चाक गेलं?" ज्योत्स्ना चिडवायची.

"चाकं ठणठणीत आहेत. मलाच करमेना."

परीक्षेआधीच्या रविवारी ती हळूच म्हणाली, "सर, तुमचे उपकार कसे फेडू? सगळ्यांनी मला शून्यच धरलं. मला आधीचं काय येतं, ते तुम्ही एकट्यानं विचारलंत."

"शून्यावर तुम्ही कधीच नव्हता." रविराजचे कान लाल झाले. "निकाल लागला की... घरी येऊ? तुमचा हात मागायला?"

ज्योत्स्ना झेंडूची पानं चाळवत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "निकालानंतर नको. पास झाले म्हणून पसंत केली, असं मला नकोय. यायचं तर आधी या."

"उद्या येतो!"

शेजारीच बसलेल्या दीपमालाने पेन्सिल कानावर खोचली, वाफे ओलांडत घराकडे धूम ठोकली आणि ओरडली, "आज्जे, पोहे भिजव! उद्याचे पाव्हणे आजच बांधावर बसलेत!"