केन्याचा बांध

"रखमाजीनं माझ्या वावरात गोगलगायी सोडल्या! आता ठाण्यातच जातो," कारभारीमामा गरजले.

आदिनाथनं त्यांना अडवलं. मामा आणि शेजारी रखमाजी एका ताटात जेवलेले. हसनाबादच्या याच शिवारात आदिनाथच्या सुट्ट्या गेल्या. दुर्गामामी आणि रखमाजीची बायको नंदाबाई बांधावरची केना ही रानभाजी खुडायच्या, मग पावसात त्याची गरमागरम भजी! काय दिवस होते ते! गेल्या हिवाळ्यात मामी गेली. आता ही दोस्तीही जाणार? म्हणून त्यानं जालन्याहून आकांक्षाला आणलं होतं. खासगी तपासात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मामाच्या सोयाबीनची नुसती देठं उरली होती. बांधापलीकडे रखमाजीचं पीक मात्र डोलत होतं.

"मागच्या साली एक पान गेलं न्हाई माझं," मामा म्हणाले.

बांध दोघांत निम्मानिम्मा. मामाची बाजू खरवडून लख्ख, रखमाजीची केन्यानं हिरवीगार. रखमाजी आळशीच, आदिनाथला वाटलं.

आकांक्षानं मामाच्या बाजूचे दगड उलटले. खाली अंडी आणि जुने पांढरे पडलेले शंख होते.

नंदाबाईसोबत बांधावर आलेला रखमाजी चिडलाच. "मी सोडल्या? अरे, माझा केना बी कुरतडून राह्यल्या त्या!"

"मग तो काढला का नाही?" आकांक्षानं विचारलं.

"मी काढू देत न्हाई," नंदाबाई हळूच म्हणाली. "दुर्गा खुडायची तो."

आकांक्षानं घमेल्यात एकीकडे सोयाबीनचं रोप ठेवलं, दुसरीकडे केना, आणि मधोमध गोगलगाय सोडली. सगळे वाकून बघू लागले. गोगलगाय सरळ केन्याकडे गेली.

"हे भलतंच!" आदिनाथ म्हणाला.

"त्या कुणी सोडल्या नाहीत," आकांक्षा म्हणाली. "जुने शंख सांगतात, मुक्काम मागच्या सालापासूनच आहे. तेव्हा पीक वाचलं, कारण पोटाला केना होता. पलीकडे अजून आहे, म्हणून रखमाजींचं सोयाबीन शाबूत. इथे ताट कुणीतरी उचललं, मग त्या पिकावर तुटून पडल्या. मामा, बांध कुणी खुरपला?"

"मीच," मामा म्हणाले. "पाहवत नव्हता तो केना. वाटायचं, आत्ता ही ओटीत खुडून घेऊन येईल..." आदिनाथला रडू फुटलं.

"ठाण्यात कधी जायचं मंग, कारभारी?" रखमाजीनं विचारलं. त्याचेही डोळे भरले होते.

मामा बांधावरच बसले. "वैनी, चार कांड्या द्या. माझ्या बाजूला लावतो."

"देते की भाऊजी," नंदाबाई केना खुडत म्हणाली. "पण आधी भजी खायला चला."