पदराखालचे हात

"माझ्या नातीच्या साखरपुड्याला तू यायचंसच, ताई!" उज्वला दारातूनच म्हणाली, आणि ओले काजू सोलत बसलेल्या चंद्रभागेने आपले हात नकळत पदराखाली घेतले... पन्नास वर्षांची सवय होती ती!

पन्नास वर्षांपूर्वी नाते गावातल्या ह्याच घरी उज्वलेला पाहायला आंबेनळी घाट उतरून वाईची मंडळी यायची होती. ओल्या काजूची उसळ तर हवीच. पण हिरव्या टरफलाचं तेल लागलं की बोटं काळी पडतात, सालपटं निघतात. "तू बिया शिवू नको गो, तुझेच हात बघतील ते," म्हणून नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या चंद्रभागेने सगळ्या बिया एकटीने चिरल्या. वाढताना एका पाहुणीने विचारलं, "हिच्या हातांना काय झालंय? घराण्यात रोग आहे का?" घाटावर काजू कुठले! खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण घाबरलेली उज्वला बोलून गेली, "ती... कामाला येते आमच्याकडे."

लग्न ठरलं. चंद्रभागा लग्नाच्या दिवशीही स्वयंपाकघरातच राहिली, आणि वाईला कधीच गेली नाही.

"कोण म्हणून येऊ गो?" तिने आता विचारलं. "भांडी घासायला?"

आवाजात राग नव्हता. म्हणूनच उज्वलेला तो सहन होईना. "सासूबाई गेल्या, हे गेले... तरी खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही गं, ताई!" ती रडू लागली. मग डोळे पुसून खाली बसली आणि तिने टोपलीतली बी उचलली.

"आधी खोबरेल लाव हातांना! भाजतील."

"नको."

दोघींनी टोपली संपवली. चंद्रभागा एवढंच म्हणाली, "एवढी वर्षं घाटावर राहिलीस, तरी गर अख्खा काढतेस हो!"

साखरपुड्याला वाईत पंगत उठली, तेव्हा विहीणबाईंची नजर उज्वलेच्या बोटांवर गेली. "अगंबाई, हे काय झालं हो?"

"काजू सोलले माहेरी. आत्ता उसळ खाल्लीत ना, ती ह्याच हातांची," उज्वला म्हणाली, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या चंद्रभागेला दंडाला धरून तिने पुढे आणलं. "आणि हिच्या हातांची. ही माझी सख्खी थोरली बहीण!"

विहीणबाई पाया पडायला वाकल्या. आशीर्वाद द्यायला हात हवेत... चंद्रभागेने ते पदराबाहेर काढले.