लाल लुगड्यापुढून, न थांबता

महिपतीनं लाथाडलेला चेंडू गिरणीच्या भिंतीवरून पलीकडं गेला आणि नेमका सोजरबाईच्या ताकाच्या गाडग्यावर पडला.

दुपारच्या सुट्टीत कांडी खात्यातल्या, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका लिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. गाडग्याच्या चिंध्या... छे, खापऱ्या झाल्या. महिपती भिंतीला वळसा घालून धापा टाकत आला, तेव्हा सोजरबाई डोळ्यांतलं ताक पदरानं पुशीत सगळ्या फुटबॉल खेळणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तिच्याशेजारी तिची भाची मुक्ता चेंडू मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पापणीवर ताकाचा एक थेंब लोंबत होता.

महिपती त्या थेंबाकडं बघत राहिला.

"चेंडू..." तो म्हणाला.

"त्यो दिसतोय मला. ताक कुटं गेलं ते इचारा की."

"कुटं गेलं?"

"निम्मं माज्या डोळ्यात, निम्मं आत्याच्या. आता भाकरी कशासंगं खायाची? चेंडूसंगं?"

"चुकून लांब गेला..."

"जवळ मारता येत न्हाय व्हय?"

"मी फुलबॅक हाय," महिपती म्हणाला. "आपल्याकडं आलेलं लांब घालवायचं. तेवडंच काम."

"कायबी आलं तरी?"

"कायबी."

"मग तुमच्याकडं यायचं म्हंजी अवगडच की..." मुक्तानं चेंडू त्याच्या हातात दिला आणि हसली. तो थेंब ओघळला.

महिपती मैदानावर परतला, तेव्हा कप्तान धोंडप्पानं विचारलं, "चेंडू सापडला?"

"थेंब पडला," महिपती म्हणाला. चेंडू त्याच्या काखेत होता.

ही चौतीस सालची गोष्ट. त्या काळी गिरणीला चांगला खेळाडू दिसला, की त्याला हजेरीपटावर घेत. महिपती हजेरीपटावर यंत्रांना तेल देणारा तेलवाला होता. पण तेलाची बुधली कशी असते, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. पगार त्याच्या पायांचा होता. हे पाय होटगीचे. तिथं त्याचा बाप रेल्वेत सांधे बदलणारा पॉइंटमन, आणि रुळांशेजारच्या मोकळ्या जागेत अनवाणी खेळून पोरगा तयार झालेला. मॅनेजरसाहेबांनी घेतानाच बजावलं होतं, "शील्डच्या मॅचेस बघू. जमलं तर राहशील. नाहीतर होटगी."

जमणार नाही असं महिपतीला वाटलंच नव्हतं. आता गिरणीत राहायला त्याच्याकडं एक जादा कारणही होतं.

पहिल्याच सामन्यात घोटाळा झाला. समोरचा गडी ऑफसाइड आहे असं वाटून लाइनमननं लाल निशाण वर केलं. रेफरीनं तिकडं बघितलं नाही, शिट्टी वाजली नाही, खेळ चालूच. पण महिपती मात्र धावता धावता खांबासारखा उभा राहिला. दोन्ही हात अंगाला चिकटवून! समोरचा गडी त्याच्या नाकासमोरून गेला, जाताना त्यानं चक्रावून एकदा मागं वळून बघितलं आणि गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात परत तेच. नशीब, की पुढच्या गड्यांनी तीन गोल केले होते.

"झोपला हुतास व्हय रं?" धोंडप्पानं गळपट्टी धरली.

"लाल निशान हुतं की!"

"मग?"

"जल्मल्यापास्नं शिकीवलंय. लाल निशान दिसलं की थांबायचं. आमच्या घरात म्हस बी थांबती."

साहेबांनी एवढंच म्हटलं, "अजून एकदा, आणि सामान बांध."

ही बातमी भोंग्याच्या आधी कांडी खात्यात पोचली. संध्याकाळी गेटावर मुक्ता आडवी आली. आत्या खात्याची नाईकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम होती. खात्याला कुलूप लावून निघायला तिला वेळ लागे. तेवढाच काय तो वेळ.

"होटगीला जानार म्हनं?"

"तसं दिसतंय..."

"म्हंजी आमच्या गाडग्याचं पैसं बुडलं." मुक्तानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाली, "उद्यापास्नं मी लाल लुगडं नेसून हितं हुबी ऱ्हाते. तुमी माज्या म्होरनं जायाचं. थांबायचं न्हाय. सवय मोडंल."

"बोलायचं बी न्हाय?"

"लाइनमनशी बोलता व्हय मैदानात?"

"बघायचं तरी?"

"बघायचं... पर पायानं न्हाय."

पहिल्या दिवशी महिपती लाल लुगड्यासमोर असा गपकन थांबला, की मागचा विणकर त्याच्यावर आदळला, विणकरावर दुसरा आदळला, आणि शेवटी सायकल हातात धरून येणारा हेडक्लार्क सायकलीसकट चाळीस माणसांवर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी महिपती डोळे मिटून चालला आणि पहारेकऱ्याच्या बाजेवर जाऊन पडला. बाजेवर पहारेकरी होता. तिसऱ्या दिवशी तो थांबला नाही, पण इतका हळू गेला, की मुक्ता ओठांतल्या ओठांत म्हणाली, "मुंगी गेली की हो म्होरं!"

दोन आठवड्यांनी मात्र जमलं. महिपती ताठ मानेनं लाल लुगड्यापुढून गेला. म्हणजे पाय गेले. बाकीचा महिपती तिथंच, तिच्या पायाशी राहिला असावा, कारण खोलीवर पोचल्यावर त्याला भूक लागत नव्हती. दिवसभर ज्या एका क्षणाची वाट बघायची, तो क्षण आला की झपझप ओलांडून जायचा... हा कसला सराव, देव जाणे! पण ती रोज उभी राहत होती. रोज एकच लुगडं. म्हणजे ते ती रोज रात्री धूत असणार, हे एकदा त्याच्या ध्यानात आलं आणि त्या रात्री त्याला झोपही लागली नाही.

शील्डच्या अंतिम सामन्यात निशाण तीनदा वर झालं. तिन्ही वेळा महिपती लाल फडक्याकडं बघत बघत धावला, चेंडू काढला आणि पार मैदानापलीकडच्या तळ्याच्या दिशेनं भिरकावला. गिरणी एका गोलनं जिंकली. मुंबईच्या एका गिरणीचे साहेब सामना बघायला आले होते. त्यांनी तिथल्या तिथं महिपतीला मागून घेतलं. रविवारी सहाची गाडी. दिवाळीपर्यंत मुंबईत खेळायचं, पुढचं पुढं.

बघा गंमत! वाईट खेळला असता तर होटगी, पाच-सहा कोसांवर. चांगला खेळला म्हणून मुंबई.

दुसऱ्या दिवशी गळ्यात हार, पोटात हे सगळं, असा तो गेटावर आला. मुक्ता उभी होती. लाल लुगडं. आज तिचे डोळे खाली नव्हते. सरळ त्याच्याकडं बघत होते. ओठ हलले. आणि महिपतीचे पाय... गेले! सरावच तसा झाला होता. वीस पावलांवर पाय थांबले, तेव्हा त्यानं वळून बघितलं. गेट रिकामं होतं.

नंतर चार दिवस ती तिथं आलीच नाही.

शनिवारी धोंडप्पा म्हणाला, "तुज्या मास्तरणीला उद्या बघाय येनार हायत. केम गावचं पाव्हनं. बिजवर हाय, आट म्हशी हायत म्हनं."

"कुनी सांगितलं?"

"माज्या बायकूनं. पोरगी त्येच सांगाय गेटावर हुबी हुती की रं तुज्यासाटी. तू हार घालून गेलास निघून. लई रडली म्हनं."

रविवारी तीन वाजता महिपती धोंडप्पाचा कोट आणि फेटा चढवून, खांद्यावर ट्रंक घेऊन सोजरबाईच्या चाळीत शिरला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. दारात पोचला, तेव्हा पुढं तीन माणसं चपला काढत होती.

"या, या, पाव्हनं!" सोजरबाईनं बारीक डोळे करून बघितलं. वीस वर्षं सुताकडं बघून तिचे डोळे अधू झाले होते. "चौगं व्हय? सांगावा तिगांचा हुता. असू द्या, असू द्या. बसा घोंगड्यावर."

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या आबासाहेबांनी मागं बघितलं. कोट, फेटा, ट्रंक. मुलीकडचा कोणी कर्ता माणूस असणार. त्यांनी आदरानं सरकून जागा दिली. महिपती बसला. सोजरबाईला वाटलं, ट्रंकेत पोरीसाठी लुगडी आणलीत. आबासाहेबांना वाटलं, ट्रंकेत जावयाचा आहेर आहे. दोघंही ट्रंकेकडं मायेनं बघत होते.

मुक्ता शेंगा-गुळाचं ताट घेऊन आली. निळं लुगडं. महिपतीसमोर ताट हललं, दोन शेंगा खाली पडल्या.

"नाव काय?" आबासाहेबांनी सुरुवात केली.

"मुक्ताबाई."

"म्हशीची धार काडता येती का?"

"येती."

नवरदेव जोतीराम समाधानानं शेंग फोडत राहिला. त्याला म्हशींपलीकडं काही विचारायचं नव्हतं.

सोजरबाई महिपतीकडं वळली. "तुमी का गप? तुमी बी इचारा की कायतरी."

महिपतीनं फेटा सारखा केला. "एकादा मानूस... गेटावर न थांबता निगून गेला, तर राग येतो का?"

मुक्ता खाली मान घालून होती. "येतो."

"सवयीनं गेला तरी?"

"शिकीवलेलं सगळीकडंच वापरायचं असतंय व्हय?"

"बराबर हाय," आबासाहेब म्हणाले. मुलीकडचे लोक आपल्याच पोरीची कशी पारख करून दाखवतात, याचं त्यांना कौतुक वाटलं.

"पाय चुकलं त्याचं..."

"पायाला कशाला बोल? जीभ हुती की."

"ती... आता उचललीय." महिपतीनं ट्रंक जवळ ओढली. "त्यो मानूस दिवाळीपातूर मुंबईला चाललाय. आल्यावर मागनी घालनार हाय. तवर... कुनी थांबंल का त्याच्यासाटी?"

मुक्ता ताटातल्या शेंगा एका हातानं उगाच सारख्या करत राहिली. बाहेर कुणीतरी शेजारणीला तेलुगूत हाक मारली.

"बोल की गं!" सोजरबाई खेकसली. "पाव्हनं येवडं इचारत्यात, आन तोंड शिवल्यागत काय बसलीस?"

"थांबंन," मुक्ता म्हणाली. अगदी हळू. मग जरा मोठ्यानं, "दिवाळीपातूर. म्होरं एक दिस न्हाय."

सोजरबाई खूश होऊन आबासाहेबांना म्हणाली, "तुमचा ह्यो पोरगा लई चौकस हाय हां!"

"आमचा?" आबासाहेब म्हणाले. "आमाला वाटलं, तुमचाच."

जोतीरामच्या तोंडातली शेंग कट्कन फुटली.

सगळे महिपतीकडं बघू लागले. महिपती ट्रंकेकडं बघत होता. मुक्तानं ताट खाली ठेवलं आणि मान वर केली.

"माजा हाय त्यो," ती म्हणाली.

सोजरबाई उठली. महिपतीच्या तोंडाला नाक लागेपर्यंत वाकली आणि त्याला नीट बघितलं. "ट्रंकंत काय हाय?"

"माजी कापडं."

"गाडी कवा?"

"सहाला."

"मग बस तवर. तू हितं, ती तितं. आन मधी मी."

दोन तास ती तिघं तशीच बसली. पाहुण्यांनाही त्याच गाडीनं जायचं होतं, त्यामुळं तेही बसले. साडेपाचला महिपती उठला, तेव्हा मुक्तानं ताटातल्या मूठभर शेंगा त्याच्या कोटाच्या खिशात घातल्या. बोटं खिशात जरा जास्तच वेळ राहिली. सोजरबाईचे डोळे अधू होते, म्हणून बरं.

गाडीत जागा मिळाली ती नेमकी केमकरांसमोर. कुर्डूवाडी मागं पडली. महिपती खिशात हात घालून बाहेर बघत होता. शेवटी आबासाहेबांनी तळवा पुढं केला.

"द्या की दोन शेंगा, पाव्हनं. राग न्हाय आमचा."

"दुसरं कायबी मागा," महिपती म्हणाला. "ह्या दिवाळीपातूर पुरवायच्या हायत."